सातव्या पायरीवरची बाई

“आजी, तुझ्या पाठीमागे मला कुणाची तरी चाहूल लागली,” चौथीतली चिमणी म्हणाली आणि तिनं शांतपणे पाण्याचा पेला तोंडाला लावला.

आजीचा घास हातातच राहिला. तिच्या पाठीमागे खिडकी होती, आणि खिडकीबाहेर तिसऱ्या मजल्याएवढी नुसती हवा.

“कुणाची गं?”

“चेहरा नाही दिसला. ओझरती दिसली. राखाडी शाल होती.”

चिमणीचे बाबा वायरमन. बंद घरांच्या माळ्यांवर, तळघरांत एकट्यानं काम करायची त्यांना सवय. “काय घाबरायचंय त्यात?” असं म्हणत ते उठले, खिडकी लावली, कडी घातली आणि कडी नीट बसली आहे ना ते दोनदा पाहिलं. “वारा येतो,” ते म्हणाले. पडदा जरासुद्धा हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर चिमणी दप्तर काढता काढता म्हणाली, “जिन्यात सातव्या पायरीवर ओलं पाऊल होतं. एकच.”

“एकच कसं असेल?” आईनं विचारलं.

“तेच मला कळत नाहीये. मी विचार करतेय.” मग नऊ वर्षांच्या मुलीला न शोभणाऱ्या आवाजात ती पुटपुटली, “ह्या घरावर कसलं तरी सावट आहे.”

आई दवाखान्यात नर्स होती. तिनं लगेच चिमणीच्या कपाळाला हात लावला. “ताप नाही.”

“ताप असता तर बरं झालं असतं,” आजी म्हणाली.

शनिवारी वायरमन पँट आखूड करायला तळमजल्यावरच्या शिंप्याकडे गेले. शिंप्याची ठमी चिमणीच्याच वर्गात. बोलता बोलता विषय निघाला, तसं शिंप्यानं तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून काढून टेबलावर ठेवल्या.

“राखाडी शाल?” त्यानं हळूच विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“सातवी पायरी?”

“एकच पाऊल,” दोघं एकदम म्हणाले, आणि मशीनवरची पँट आपोआप खाली घसरली.

“पोरींनी ठरवून केलं असेल,” वायरमन म्हणाले.

“कसं ठरवतील? महिनाभर कट्टी आहे दोघींची. एकमेकींकडे बघत पण नाहीत.”

संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर अकरा घरं निघाली. अकराही घरांत तीच शाल, तीच पायरी, तेच एकटं पाऊल. त्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी सगळ्यांत शेवटी लिहिलं, ‘आमचं बैठं घर आहे. आमच्याकडे जिनाच नाही.’

त्या दिवसापासून इमारतीतली माणसं सातवी पायरी टाळू लागली. पण सातवी वरून मोजायची की खालून, ह्यावर एकमत होईना, म्हणून दोन्ही टाळायचं ठरलं. वायरमन खांद्यावर शिडी घेऊन उतरत होते. त्यांनी खालून सातवी ओलांडली, पण पुढच्या दोन पायऱ्याही त्याच झपाट्यात गेल्या. घोटा टम्म सुजला.

“घाबरून नाही पडलो,” आई पट्टी बांधत असताना ते म्हणाले. “पाय घसरला.”

चिमणीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “बाबा, तुम्हाला तिचा भास झाला का?”

आजीनं त्याच दिवशी आपली ट्रंक भरून दाराशी ठेवली.

सोमवारी दुपारी अकरा पालक शाळेत पोचले. ही मुलं चौथीत गेल्यापासून, म्हणजे नव्या बाई आल्यापासून, बिघडली ह्याबद्दल कुणाला शंका नव्हती. ‘बाईंना ताबडतोब काढावे’ असा अर्ज वायरमनच्या खिशात होता, त्यावर अकरा सह्या होत्या. हेडसरांकडे जाण्याआधी वर्गावर एक नजर टाकू, असं शिंप्यानं सुचवलं.

लांब व्हरांडा. पहिलीतून गलका, दुसरीतून पाढे, तिसरीतून रडणं. चौथीतून काहीच नाही. दार अर्धवट उघडं होतं. वायरमननी लंगडत पुढे होऊन आत डोकावलं. बत्तीस मुलं माना खाली घालून बसली होती. कुणी खाकरत नव्हतं, कुणी कुणाला कोपर मारत नव्हतं. मग बत्तीस पानं एकदम उलटल्याचा आवाज झाला आणि पुन्हा सगळं निःशब्द.

शिंप्यानं वायरमनची बाही घट्ट धरली. “आमची ठमी गप्प बसलीये,” तो म्हणाला. “जन्मल्यापासून पहिल्यांदाच.”

दार पूर्ण उघडलं. बाहीला खडूची पूड लागलेल्या, ठेंगण्याशा बाई बाहेर आल्या.

“हळू बोला. उतारा चालू आहे.”

“कसला उतारा?” शिंपी दोन पावलं मागे सरकला. त्याला उतारा म्हटल्यावर भलतंच काही आठवलं होतं.

“वाचनाचा हो! ही मुलं घडाघडा वाचायची. काय वाचलं विचारलं, की म्हणायची पान बावीस. म्हणून हा भाड्याच्या घराचा उतारा घेतला. शब्द पण दिले, चाहूल, ओझरती, सावट, भास. रोज एक तरी शब्द घरी बोलताना वापरायचा, उताऱ्यातल्या गोष्टीसकट. फक्त अभ्यास आहे असं सांगायचं नाही. सहज तोंडात आला तरच शब्द आपला होतो.”

अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

“पण बाई,” वायरमन म्हणाले, “एवढ्याशा पोरांना भुताची गोष्ट कशाला?”

“भूत?” बाईंच्या कपाळाला आठी पडली. “कुठंय भूत? तुम्ही वाचलाय का उतारा?”

त्यांनी अकरा कागद आणून दिले. मागच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून पालक बसले. वीस मिनिटं मिळाली. चौथा प्रश्न होता, ‘राखाडी शालीतली बाई कोण असावी? उताऱ्यातला पुरावा द्या.’ अकराच्या अकरा जणांनी ‘भूत’ लिहिलं. पुराव्याच्या जागी वायरमननी लिहिलं, ‘माझा पाय.’

पुढच्या बाकावरून चिमणीनं मान वळवून पाहिलं. तिला राहवेना.

“अहो बाबा, नीट वाचा ना! हातात किल्ल्यांचा जुडगा आहे तिच्या. बाहेर पाऊस आहे. पावलाच्या बाजूला गोल डाग आहे ना, तो कुबडीचा. दुसरा पाय ती टेकवतच नाही, म्हणून पाऊल एकच! ती घरमालकीण आहे. अर्ध्या जिन्यात दमली, म्हणून थांबली. मला कालच सुचलं.”

वर्गात कुणी हसलं नाही. बत्तीस मुलं मोठ्या माणसांकडे फार दयेनं पाहत होती. वायरमननी खिशातल्या अर्जाची हळूच आणखी एक घडी घातली.

तपासलेला कागद संध्याकाळी चिमणीबरोबर घरी आला. वायरमनना दहापैकी दोन. खाली लाल शाईत शेरा होता, ‘वाचतात, पण समजत नाही. घरी सराव घ्यावा. पाल्याची सही आवश्यक.’

चिमणीनं सही केली आणि बाबांना टेबलापाशी बसवलं. नवा उतारा पुढे ठेवला. वायरमननी एका दमात वाचून टाकला.

“काय झालं सांगा.”

“घर बरीच वर्षं बंद होतं. खिडकीत दिवा लागला.”

“मग?”

“मग काय? लागला दिवा. रोज लावतो मी असले.”

“दुसरी ओळ परत वाचा. सावकाश.”

वायरमननी बोट ठेवून दुसरी ओळ वाचली. घराची तार खांबावरच तोडलेली होती. मीटर काढून नेलेला होता. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. आयुष्यभराचं काम त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकलं, खांब, तार, मीटर, बटण, दिवा. आणि मधलं सगळं नव्हतं. फक्त दिवा होता. तो लागला होता.

“चिमणे,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “पण मग त्या दिव्याला...”

चिमणीनं वाकून त्यांच्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा राहिला होता. तिनं लाल पेन्सिल घेतली आणि समासात बरोबरची खूण केली.