बोट्स्वाना, पंचेचाळीस मिनिटांत

एखादा देश नीट समजून घ्यायचा असेल तर तिथे न गेलेलं बरं. गेलेल्या माणसाला आटोपतं घेता येत नाही. हे ओळखून कॅनडातल्या रिचमंड हिलच्या मराठी ज्येष्ठ मंडळाने 'देश-परिचय' उपक्रमाचे चार भाग ठरवले: भूगोल, शासन, अर्थव्यवस्था, चहा. (चौथा भाग एकमताने.) दोन वर्षांत त्यांनी एकोणीस देश संपवले.

जानेवारीत बोट्स्वानाची पाळी आली. निवृत्त इंजिनियर उल्हासराव आफ्रिकेत कधीच गेलेले नसल्यामुळे वक्ते म्हणून त्यांच्याबद्दल दुमत नव्हतं. शोभाताई मात्र बोट्स्वानात माउन गावच्या इस्पितळात सोळा वर्षं नर्स होत्या. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून, दोन बस बदलून त्या लवकर आल्या. पर्समध्ये एक फोटो होता. मुलाकडे कॅनडात येऊन अकरा वर्षं झाली, पण तो फोटो कुणाला दाखवायचा योग आला नव्हता.

"उल्हासराव, शेवटी दोन मिनिटं द्याल मला? हा फोटो दाखवते."

"भूगोलाचा आहे का?"

"माणसं आहेत."

उल्हासरावांनी नियमावली चाळली. माणसांचं सदर नव्हतं. "लोकसंख्येत घातला असता, ताई. पण स्लाइड कालच फायनल केली. शिवाय सोर्स काय लिहू?"

"मी होते ना तिथे."

"तो एका व्यक्तीचा अनुभव झाला हो."

व्याख्यान उत्तम झालं. देशाचा बराचसा भाग कलहारीने व्यापलेला. ओकावांगो नदी समुद्राला न मिळता वाळूतच पसरते. (शोभाताई तिच्याजवळच राहायच्या; स्लाइडवर ते नव्हतं.) राष्ट्राध्यक्षांना संसद निवडते. पैसा हिऱ्यांचा. बत्तीस श्रोत्यांपैकी अकरा जागे होते, पैकी चार वडे तळत होते.

"तिथे थंडी असते का हो?" मागून गुंजनताईंनी विचारलं.

शोभाताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "जूनच्या थंडीत पहाटे वॉर्डात आम्ही..."

"चहानंतर, ताई," उल्हासराव म्हणाले. "सरासरी हवामान कोरडं."

चहानंतर बर्फ सुरू झाला आणि सगळ्यांना घरं आठवली. जाताना प्रत्येकाने फॉर्म भरला: 'देश कळला का?' शंभर टक्के 'होय'. (पर्याय एकच होता. शोभाताईंनीही त्यावरच खूण केली.) फोटो पर्समध्येच घरी गेला.

त्यात कोण होतं, हे बत्तीसांपैकी कुणी विचारलं नाही. वाचकहो, नदी, संसद, हिरे आणि वडे एव्हाना तुमच्याही ध्यानात राहिले असतील. विचारायचं तेवढं तुमचंही राहून गेलं. पुढच्या महिन्याचे वक्ते अजून ठरायचे आहेत.