तिसरा कुठून मोजायचा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने गाण्यात नाक खुपसायचं तसं काही कारण नव्हतं. पण घरात चार महिने कुणी साधं गुणगुणलंही नव्हतं आणि मेकॅनिकला ती शांतता सोसवेना. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. वीस वर्षं मुलांना गाणी तिनेच शिकवली. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज बोलण्यापुरता परत आला, वरचे सूर मात्र आले नाहीत. आता पुढच्या शनिवारी ती निवृत्त होणार होती. निरोपाच्या कार्यक्रमात तिनेच रचलेलं मुंगीचं गाणं व्हायचं होतं आणि ते लेक म्हणणार होती.

"तूही म्हण की तिच्याबरोबर," मेकॅनिक म्हणाला.

"आवाज गेलाय माझा. उगाच चारचौघांत हसं नको."

"गेलाय कुठे? खाली उतरलाय फक्त."

"तेच ते," असं म्हणून ती वह्या तपासायला बसली. त्या दिवशी तिने चांगल्या चांगल्या वह्यांवर लाल रेघा ओढल्या.

मेकॅनिकने मनावर घेतलं. दुपारी डबा खाताना तो मोबाइलवर गाण्याचे धडे बघू लागला. कॉर्ड म्हणजे काय, हे तिथे सोपं करून सांगितलं होतं. कुठलाही सूर घ्या, त्याचा तिसरा आणि पाचवा सूर त्याच्याबरोबर लावा, की झाला कॉर्ड. तिघांनी तीन सूर वाटून घेतले, की एकाच गाण्याला तीन आवाज मिळतात. सगळ्यांनी एकच चाल म्हणायची गरज नसते, हे ऐकून त्याचा घास हातातच राहिला. ज्याला वर जाता येत नाही, त्यालाही गाण्यात जागा असते तर.

त्याने कागद घेतला आणि जन्मभर मोजत आला तसं मोजलं. सा म्हणजे तळमजला. तो कुणी मजल्यात धरत नाही. रे पहिला, ग दुसरा, म तिसरा, प चौथा, ध पाचवा. तिसरा त्याने स्वतःकडे ठेवला. पाचवा बायकोला झेपणार नव्हता, म्हणून तोच सूर खालच्या सप्तकात उतरवून तिला दिला.

"बाबा, हे बरोबर आहे ना?" लेकीने कागद उलटसुलट करून पाहिला.

"मोजण्यात माझी चूक होत नाही," मेकॅनिक म्हणाला. यावर घरात कधी वाद झाला नव्हता.

बायको तयार होईना. "तुला गायचं नाहीये, तिच्या आवाजाखाली नुसतं उभं राहायचंय," असं तीनदा सांगितल्यावर ती एक ओळ म्हणायला तयार झाली. तिघांनी ती म्हटली. काहीतरी खटकत होतं, पण बायकोचा जाडसर आवाज लेकीच्या आवाजाखाली असा बसला, की ती स्वतःच दचकली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बूट काढायच्या आत तिने विचारलं, "आज बसायचं ना?"

गुरुवारी शाळेच्या संगीताच्या बाई कीबोर्ड घेऊन घरी आल्या. त्यांनी सा-ग-प दाबलं, तिघांनी तोंडं उघडली आणि बाईंनी हात उचलला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मेकॅनिकचा म कीबोर्डच्या ग-शी हमरीतुमरीवर आला होता.

"माझंच चुकतंय," बायको म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवली. "मी म्हटलं होतं यांना."

चार महिन्यांनी उघडलेलं दार मेकॅनिकच्या डोळ्यांदेखत बंद होत होतं. त्याने कागद पुढे केला. बाईंनी तो वाचला आणि बराच वेळ रुमालाने तोंड पुसलं.

"तिसरा कुठून मोजलात?"

"तळमजला सोडून."

"गाण्यात तळमजलाच पहिला असतो हो."

मग सगळं शास्त्रशुद्ध झालं. मेकॅनिकला ग मिळाला, बायकोला खालचा प. पण तो तिला आणखी खोल गेला. आवाज घशातच राहिला आणि तिचा चेहरा पुन्हा ऑपरेशनच्या दिवसांतला झाला.

बाईंनी कागद पुन्हा उचलला. "तुम्ही आधीचं, या कागदावरचंच म्हणा बरं. फक्त मायलेकी."

दोघींनी म्हटलं. बाईंची बोटं हळूहळू थांबली. "हा सूर चालीच्या बरोबर तिसरा आहे, फक्त खालून. असाच बसवतात. चुकून का होईना, यांनी तुमच्या आवाजाचा नेमका सूर काढलाय."

मेकॅनिकची छाती फुगली. "मग मी काय म्हणू?"

त्याने ग लावायचा प्रयत्न केला, पण आठवडाभर घोटलेला म गळ्यातून हटेना. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही जरा थांबता का?" बायको म्हणाली.

"किती वेळ?"

"शनिवार होईपर्यंत."

शनिवारी मेकॅनिक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला. लेकीने सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला तो खालचा आवाज आला, शांत, भरदार, कुणाची माफी न मागणारा. मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प झाली. मेकॅनिकला राहवलं नाही. कडव्याच्या शेवटी त्याचं तोंड आपोआप उघडलं. बायकोने सूर न सोडता, मान न हलवता, त्याच्याकडे बघून डोळे वटारले.

त्याने तोंड मिटलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. बायकोने डोळे वटारले म्हणून त्याला भरून यायची ही पहिलीच वेळ.