शेजाऱ्यांना त्रास : शून्य

नवा मिक्सर ओट्यावर ठेवून जुन्याची वायर गुंडाळत लेक म्हणाली, "आता बघ आई. चालू आहे की बंद, हेसुद्धा कळणार नाही तुला."

"मग वाटण झालं हे कसं कळायचं?" आईने विचारलं.

लेकीने ते कानाआड केलं. तिची नोकरीच तशी होती. कंपनीने बनवलेली वस्तू जन्माला आल्यापासून भंगारात जाईपर्यंत तिच्यापायी कोणाकोणाचं काय भलंबुरं होतं, ते शोधून अहवाल लिहायचा. या मिक्सरसाठी ती तांब्याची तार गुंडाळणाऱ्या बायकांना भेटली होती आणि त्यांच्या बोटांचे घट्टे पाहून साहेबांशी भांडलीही होती. खोकी भरणारे, ट्रकवाले, दुरुस्तीवाला, शेवटी भंगारवाला, सगळ्यांना विचारून झालं होतं. 'वापरणाऱ्याचे शेजारी' हा एकच रकाना राहिला होता. तिथे कोणाला विचारायची तिला गरजच वाटली नाही. शेजारी काय म्हणतात ते ती अकरा वर्षं फोनवर ऐकत आली होती.

आईच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, एक निवृत्त प्रूफरीडर एकटेच राहत. उभं आयुष्य लोकांच्या चुका काढण्यात गेलेलं. आता छापील चुका मिळेनात, म्हणून बिल्डिंगच्या काढत. रोज सकाळी साडेआठला आईचा जुना मिक्सर घरघरू लागला की खालून छताला झाडूच्या दांड्याचे तीन ठोके बसत. "उठला खवीस," असं म्हणून आई बटण बंद करी. शिवाय महिन्याकाठी लेकीला एक फोन असेच. तिच्या मोबाइलमध्ये त्यांचं नाव 'तक्रारकाका' होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता लेक साहेबांपुढे उभी राहिली. "शेजाऱ्यांना होणारा त्रास : शून्य," ती अभिमानाने वाचत होती, तेवढ्यात फोन थरथरला. तक्रारकाका. तिने कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा पडद्यावरचं नाव वाचून साहेबच म्हणाले, "घ्या, घ्या. शून्यात बसत नाहीये कोणीतरी."

"काका, आता काय झालं? आवाज तर बंद झालाय ना?"

"म्हणूनच फोन केला!" काका ओरडले. "आज मिक्सर वाजलाच नाही गं. वर येऊन पाहिलं तर दार लॅचचं. दहा मिनिटं बडवतोय, उत्तर नाही. आतून मोबाइल वाजतोय, तोही उचलत नाहीत. मी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला बोलावलंय. तू लगेच नीघ, बाळा."

अहवाल तसाच टेबलावर टाकून लेक धावली. टॅक्सीत तिला आईचे सगळे आजार आठवले, आणि आईने कधी न सांगितलेले पाच-सहा तिने स्वतःच काढले. आईला एकटं राहू दिलं, ही आपलीच चूक, असं म्हणत ती रडत होती. टॅक्सीवाल्याने न विचारता दोन सिग्नल तोडले.

बिल्डिंगखाली अग्निशमन दलाची गाडी उभी होती. तळमजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातली बाई जवानांना सांगत होती, "दुसरा मजला!"

"तिसरा!" लेक ओरडली.

"नक्की कोणता?" अधिकारी वैतागला.

"फोन मी केलाय ना! दुसराच!"

लेक न थांबता जिने चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर दोन जवान आधीच काकांच्या दाराला पहार लावत होते. आणि पायरीवर, पदर तोंडाला लावून, आई बसली होती. धडधाकट.

"आई! तू इथे काय करतेस?"

"अगं, खवीस गेला गं!" आई हुंदका देत म्हणाली. "मी दोनदा मिक्सर लावला. रिकामासुद्धा फिरवून पाहिला. खालून एक ठोका नाही! अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. धावत खाली आले, तर दार उघडेनात. माझा फोन घरात राहिला, म्हणून दवाखान्यातून फोन करायला लावला."

काकांचे गुडघे दुखत, म्हणून ते लिफ्टने वर गेले होते. आईचा लिफ्टवर भरवसा नाही, म्हणून ती जिन्याने खाली आली होती. मग दोघांनी एकमेकांची दारं इतक्या मनापासून बडवली, की दुसऱ्याचं बडवणं कोणालाच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात वर चावीवाल्याने कुलूप तोडलं आणि खाली पहारीने दार मोडलं. दोन्ही घरांत कोणीच सापडलं नाही. काका घाबरेघुबरे होऊन जिन्याने खाली आले, आईला पाहून कठड्याला धरून उभे राहिले, आणि मग मोठ्याने खेकसले, "मिक्सर का नाही लावलात?"

"लावला होता! तुम्ही का नाही ठोकलंत?"

"वाजलाच नाही तर ठोकू कशाला? वेडा आहे का मी?"

लेक भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. तिला स्वतःची लाज वाटली. भंगारवाल्यापर्यंत जाऊन आली होती ती. या दोघांना तेवढं विचारायचं राहिलं होतं.

अधिकाऱ्याने वही काढली. दोन दारं गेली होती, नोंद करणं भाग होतं. "वरचं कुलूप तोडायला कोणी सांगितलं?"

"मी," काका म्हणाले.

"या बाईंशी तुमचं नातं?"

काका गडबडले. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द नीट करणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक शब्द सापडेना. शेवटी खाली बघत ते पुटपुटले, "तक्रारदार."

"अहो, हे काही नातं नाही."

"आहे," आई म्हणाली. "लिहा तुम्ही. अकरा वर्षांचं आहे."