द्वारकाबाईंच्या ठसक्याची हकीकत

कुलस्वामिनीस वंदन करून, जें घडलें तें पदरचें कांहीं न घालितां लिहिलें आहे. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभन संवत्सर, ते समयीं मिरचीकांडपाच्या राज्यावर कोंडाजीराव आणि त्यांची स्त्री द्वारकाबाई नांदत होतीं. राज्य म्हणजे पत्र्याची एक छपरी, तींत मिरची कुटणारे विजेचे दोन डंके, आणि पदरीं तीन कांडपिणी. तेथील रीत ऐसी कीं, हंगामाची पहिली मूठ डंक्यांत पडावी, बाईंस ठसका लागावा, आणि मग गिऱ्हाइकांनीं मिरची अस्सल मानावी. शेजारच्या गांवांहून बाया येऊन बाहेर उभ्या राहत आणि ठसका ऐकून डबे पुढें करीत. राव मिशींत हसून म्हणत, "मिरचीची परीक्षा हिच्या घशात होते." आणि बाई म्हणत, "अहो, मग दुकानाच्या पाटीवर माझंच नाव घाला."

मग पाऊस लागला, डंके बंद जाहले, आणि मिरचीचा कण उडत नसतां बाईंचा खोकला चालूच राहिला. अधिक श्रावण गेला, निज श्रावण गेला, बाई घराच्या चार पायऱ्या चढतां मध्येंच बसों लागल्या आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकूं लागल्या. राव म्हणाले, "हंगामाची धूळ आहे, बसेल हळूहळू," आणि आलेपाक आणून दिला. येथें चूक जाहली. ज्या खोकल्याचें कौतुक केलें तोच रोग असेल, हें त्यांच्या मनास शिवलेंच नाहीं. मग कार्तिकांत रुमालास रक्त लागलें, तेव्हां स्वारी सरकारी दवाखान्यांत गेली आणि छातीचा फोटो निघाला. डॉक्टरीणबाईंनीं तो उजेडापुढें धरून पुसलें, "खोकला कधीपासून?" राव म्हणाले, "ती तर कायमच खोकते." डॉक्टरीणबाई फोटो खालीं ठेवून म्हणाल्या, "काका, दोन आठवड्यांवर खोकला टिकला की दाखवायचं असतं. फुप्फुसात मोठी गाठ आहे. अशी गाठ लहान असताना आलात, तर काही करता येतं." आणि पौष वद्य पंचमीस बाई कैलासवासी जाहल्या.

मग फाल्गुनांत हंगाम आला, बाया डबे घेऊन बाहेर उभ्या राहिल्या, पहिली मूठ पडली, आणि थोरली कांडपीण मथुरा खोकली. बाहेरून एक म्हणाली, "चांगली आहे गं यंदाची." रावांनीं डंके बंद केले आणि पुसलें, "मथुरे, घरीही खोकतेस?" मथुरा पदर सावरीत म्हणाली, "थोडं. महिना झाला असेल. मालक, कामावरून नका काढू." राव म्हणाले, "काढतंय कोण? चप्पल घाल." मग भर हंगामांत छपरीस कुलूप घालून तिघींसह दवाखान्यास गेले, आणि बायांस संकोच वाटूं नये म्हणून रांगेंत स्वतः पुढें उभे राहिले. मथुरेच्या थुंकींत क्षय निघाला. ती रडों लागली, तेव्हां डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलीस. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही." हें ऐकून रावांनीं भिंतीकडे तोंड केलें. त्या दिवसापासून पहिल्या मुठीची रीत मोडली आणि कांडपिणींच्या तोंडास फडकें आलें.

सारांश, दोन आठवड्यांवर टिकला खोकला, चढतां लागली धाप, उगाच उतरलें अंग, थुंकींत आलें रक्त, यांस कामाचा गुण म्हणूं नये, दाखवावें. मथुरा पुढील सालीं आश्विनांत बरी जाहली. द्वारकाबाई वांचल्या असत्या कीं नाहीं, कोणास ठाऊक. परंतु श्रावणांत पुसावयाचें होतें, तें कोंडाजीरावांकडून राहिलें.