बाराव्या केकला नकार

"एका दुपारचं काम! म्हातारीला बोलतं करतो आणि संध्याकाळी परत!" कोपनहेगनमध्ये एब्बेने आपल्या प्राध्यापिकेला छाती ठोकून सांगितलं होतं.

उभ्या डेन्मार्कात 'ते घर' म्हणायचं झालं, तर तो 'ते' 'घर' या शब्दाच्या शेपटीला चिकटवतात. दक्षिण युटलंडची म्हातारी माणसं मात्र त्याला रुबाबात पुढे उभं करतात. ती बोली ध्वनिमुद्रित झाली नाही, तर परवाच्या परीक्षेत एब्बेचा प्रबंध बुडणार होता आणि नोकरीही!

ब्याण्णव वर्षांच्या बोटिलाबाईंनी दारात एब्बेचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र पाहिलं, आत गेल्या आणि मोत्यांची माळ घालून आल्या.

"आपलं स्वागत असो. कृपया बसावं."

एब्बे हादरला. ही तर रेडिओवरची भाषा! शेपटीवाली!

"आजी, घरच्यासारखं बोला ना!"

"पाहुण्यांसमोर? शोभेल का ते?"

टेबलावर सात मऊ आणि सात कडक केक मांडले होते. तिकडची रीतच ती, एकही चुकवायचा नाही. खाऊ घालता घालता म्हातारी सैल पडेल, या आशेवर एब्बे खात सुटला. अकराव्याला पँटचं बटण उडालं. बाराव्याला त्याने बशीवर हात आडवा धरला.

"नको!"

कॉफीला आलेल्या शेजारणीच्या, मारेनच्या हातून चमचाच गळला! आता आजी नक्की भडकणार, बोलीत शिव्या घालणार! एब्बेला त्यातही आनंद झाला.

"असं?" बोटिलाबाई आणखीच शुद्ध बोलल्या. "मग आपण निघावं. बाहेर वारा आहे, टोपी घालावी."

एब्बे पार भुईसपाट! फाटकापर्यंत गेला तेव्हा आठवलं, यंत्र आतच राहिलं. धावत परत आला, तर दारातूनच आवाज ऐकू आला.

"त्यो मेला खादाड गं मारेन! अकरा गिळले आन् त्यो केक नको म्हणं! त्यो केक, ती बशी, सगळं त्या बोकडाच्या टाळक्यात घालाया होवं!"

एब्बे दारातच थिजला. अस्सल सोनं! प्रत्येक 'त्यो' रुबाबात पुढे! आणि यंत्र चालूच होतं!

त्याने आत जाऊन चाचरत विचारलं, "आजी... हे परीक्षकांना ऐकवू का?"

बोटिलाबाईंनी माळ सारखी केली.

"अवश्य ऐकवावं. त्यात एकही शब्द खोटा नाही."

एब्बे उत्तीर्ण झाला हो! फक्त प्रबंधातली एकूण एक उदाहरणं त्याच्याच खादाडपणाची आहेत, आणि परीक्षकांनी ती त्याला उभं करून मोठ्याने वाचायला लावली.