पाहुण्यांच्या खोलीतलं धुकं

आमच्या गावात भिंतीवर जे चित्र टांगाल त्याची हवा खोलीत येते. बर्फाचं टांगलं तर गारठा येतो, समुद्राचं टांगलं तर चादरी खारट होतात. काहीच टांगलं नाही तर हवाच येत नाही, माणूस गुदमरतो. म्हणून टांगावं लागतं. बाहेरच्यांना याचं कौतुक वाटतं. आम्हाला कटकट आहे.

घरच्यांचं काही नाही. आमच्या खोलीत तीस वर्षं एकच कॅलेंडर आहे, ज्वारीचं शेत आणि बेताचा वारा. सकाळी उठून पाखरं हाकलली की झालं. पाहुण्यांच्या खोलीला मात्र डोकं चालवावं लागतं, आणि ते मी कधी चालवलं नाही. मेव्हण्याला धबधब्याखाली झोपवला. तो न्यूमोनिया घेऊन गेला, परत आला नाही. त्याचं मला काही वाटलं नाही.

रंजूचं वाटतं. रंजू माझी मुलगी, नागपूरला असते. सहा वर्षांपूर्वी ती आली तेव्हा खोलीत वाळवंट होतं, उंटासकट. गादीत वाळू, पाण्याचा तांब्या तापलेला. ती म्हणाली, "अण्णा, चित्र बदला ना." मी म्हणालो, "एवढी सोय पाहिजे तर लॉजवर जा."

ती गेली. बापाचं घर दोन गल्ल्यांवर असताना एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर राहिली, आणि तिथूनच सकाळच्या गाडीला बसली. तेव्हापासून फोन मी उचलला तर ती एवढंच म्हणते, "आईला द्या."

आता शनिवारी ती दोन दिवसांसाठी येणार होती.

"या वेळी पोरगी लॉजवर गेली तर मी पण तिच्या मागनं जाणार," हिरा, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "मग बसा उंटाबरोबर."

सोमवारी मी गुलाबभाई तांबोळीच्या दुकानात गेलो. तो चित्रं फ्रेम करून विकतो. मागच्या खोलीत त्यानं एक खाट ठेवली आहे. चित्र टांगायचं, खाटेवर पडायचं, हवा मानवली तर न्यायचं.

"सूर्यास्त घ्या, धुमाळ. पाहुण्यांना हाच चालतो."

मी पडलो. डोळा लागेना. तिथं कायम तिन्हीसांज. तिन्हीसांजेला लोळलेलं आमच्या आईला खपत नसे, पाठीत धपाटा घालायची. एक तास मी धपाट्याची वाट बघत पडलो आणि उठलो.

"नको. आत दिवा लावायची वेळ टळतच नाही."

"पाहुणा निवांत बसून राहील की."

"पाहुणा झोपायला येतो रे शहाण्या. बसायला स्टँड आहे."

मंगळवारी आमराई बघितली, तांबड्या मुंग्या चावल्या. बुधवारी फुलांची बाग. रंजूला लहानपणापासून फुलांनी शिंका येतात, हे मला तिथं स्वतःच शिंकताना आठवलं. गुरुवारी चांदण्यातलं तळं बघितलं. हवा चांगली होती पण बेडूक ऐकेनात. शुक्रवार उजाडला तेव्हा मला घास गिळेनासा झाला होता. हिरानं कपाटावरची बॅग खाली काढली होती.

दुकानात कोपऱ्यात एक पांढरं चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं.

"हे काय?"

"धुकं आहे. कुणी नेत नाही. आत स्वतःचा हात दिसत नाही."

मी पडून बघितलं. गार होतं, पण सोसवेल इतकं. कुणी दिसत नव्हतं आणि मीही कुणाला दिसत नव्हतो. मला रंजूला एक गोष्ट सांगायची होती, आणि तिच्या तोंडाकडं बघून ती माझ्याच्यानं या जन्मात सांगवली नसती.

"बांध," मी म्हणालो.

धुक्याला परवाना लागतो. नगरपालिकेच्या हवा खात्यात पतंगे बाई बसतात. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"काका, धुक्याला मोजणी असते. पाहुणा आत जाताना मी हजर राहणार. आत किती गेले, बाहेर किती आले. मागं एका घरात दोघं आत गेली आणि तिघं बाहेर आली."

"तिसरा कोण?"

"चौकशी चालू आहे. शिक्का घ्या."

शनिवारी दुपारी रंजू आली. आईच्या गळ्यात पडली. माझ्याकडं बघितलं न बघितलं, बॅग उचलली आणि सरळ खोलीत गेली. दाराशी गेल्यावर क्षणभर थांबली, मग दिसेनाशी झाली. बाहेर आली तर ती लॉजकडंच जाणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीही आत शिरलो. चार पावलं गेलो. पुढं कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

"त्या दिवशी मी बोललो ते चुकलं," मी म्हणालो. "तू गेल्यावर मी लॉजपर्यंत आलो होतो. खालीच उभा राहिलो. वर यायला लाज वाटली. माफ कर पोरी."



"काका, मी पतंगे," समोरून आवाज आला. "मोजणीला आधीच आत येऊन उभी होते. तुम्ही बोला, याची नोंद करत नाही आम्ही."

तेवढं सगळं पुन्हा बोलायचं म्हणजे मला आणखी सहा वर्षं लागली असती. मी दार चाचपडू लागलो.

"ऐकलं मी, अण्णा," डावीकडून रंजू म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण धुक्यात सगळ्यांचाच होतो. "चहा टाकायला सांगा आईला. साखर कमी."

पतंगे बाईंनी बाहेर येऊन लिहिलं : आत तीन, बाहेर दोन.

आज अकरावा दिवस आहे. मी सकाळ-संध्याकाळ आवाजाच्या अंदाजानं आत कप धरतो, कुणीतरी तो घेतं. नागपूरचं ऑफिस, गावातली भाऊबंदकी, असं काय काय आम्ही बोलतो. काल मी धीर करून विचारलं, "रंजू, दार सापडत नाही का गं तुला?"

"शोधलंच नाही अजून," ती म्हणाली.