गमरेसरांची टाच

गमरेसर कुठल्याही उघड्या जमिनीवर सरळ पाऊल टाकत नाहीत. आधी उजवी टाच दोनदा आपटतात, मान तिरकी करून ऐकतात आणि मगच पुढे. माझ्या बहिणीच्या हळदीला आमच्या माहीमच्या कोळीवाड्यात आले, तेव्हाही मांडवाच्या तोंडाशीच टाच आपटली. सगळे पाहुणे बघतायत. "भराव आहे," सर माझ्या आईला म्हणाले, "नाचा, पण बेताने." आई आजही विचारते, तुझे ते टाचवाले साहेब बरे आहेत ना?

आता आमचं कामच तसलं, त्याला ते तरी काय करणार. उघड्या खाणीतला कोळसा काढून झाला, की खड्डा दगडमातीने भरायचा, वर चांगली माती पसरायची, झाडं लावायची. पावसाळ्यात भराव खचतो, म्हणून दर हिवाळ्यात आम्ही परळच्या ऑफिसातून चंद्रपूरकडे तपासणीला जातो. तिथे माती दबून घट्ट झाली का, यासाठी सरांचा एकच सवाल, "बसलंय का?" ऑफिसातलं नवं सॉफ्टवेअर, कोणाचं भांडण, सगळ्याला तोच सवाल. माझं लग्न ठरलं, तर मुलाचं नाव विचारायच्या आधी म्हणाले, "घाई नको गं. एक पावसाळा जाऊ दे."

खाणीवर तर हा माणूस कोणाचं ऐकत नाही. भरावावर कुठली झाडं लावायची, याची मंजूर यादी असते. एकदा तिथल्या मॅनेजरने हौसेने गुलाब लावले होते. "यादीत गुलाब नाही," सर म्हणाले आणि अख्खी रांग उपटायला लावली. तो बिचारा रडवेला झाला.

यंदा मात्र काहीतरी बिनसलं होतं. जीपमध्ये सर मफलर गुंडाळून गप्प. वाटेत धुपलेला उतार दिसला तरी एक शब्द नाही.

"सर, बरं नाहीये का?"

"वरचा उतार परत सपाट करतायत म्हणे."

"मग चांगलंच की."

त्यावर त्यांनी असं काही बघितलं, की मी मुकाट्याने पाण्याची बाटली पुढे केली. मग हळूहळू बोलायला लागले. शोभाताई, म्हणजे सरांच्या मिसेस, दोन वर्षांपूर्वी गेल्या. डिलाईल रोडच्या चाळीत, गॅलरीतल्या तेलाच्या डब्यात त्यांनी कढीपत्ता वाढवला होता. चाळ पाडायला घेतली, सर अकराव्या मजल्यावर भाड्याने गेले, तिथे ऊन येईना. झाड वाळायला लागलं.

"कोणाला तरी द्यायचं ना, सर."

"कोणाला देऊ? वरळी भरावाची, परळ भरावाचं. तुझं माहीम तर विचारूच नको."

"मग खाणीत काय वेगळं आहे?"

"तो भराव मी पास केलाय."

म्हणजे गेल्या हिवाळ्यात, मी रजेवर असताना, ते झाड मांडीवर घेऊन गमरेसर इथवर आले आणि त्या उतारावर लावून गेले. यादीत नसलेलं झाड! मला हसू फुटलं आणि तिथेच विरलं, कारण जीप थांबली होती आणि समोरच्या उतारावर डोझर फिरला होता.

सर चढत सुटले. टाच न आपटता. मी मागून पळत होते आणि मनात म्हणत होते, असू दे रे बाबा, असू दे.

वर सगळीकडे उकरलेली माती, आणि मधोमध चार बांबूंच्या कुंपणात कमरेएवढा कढीपत्ता. डोझरवाले दादा खाली उतरून आले. "त्या झाडाले हात नाही लावला, साहेब. मागच्या खेपेले तुम्ही त्याच्यासंगं बोलत होते, म्या पायलं."

सरांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच मातीत बसकण मारली.

मग सर झाडाकडे पाठ करून उभे राहिले. "हा तुकडा तू तपास. इथे माझ्या निकालावर जाऊ नको. आणि यादीत नाही, तेही लिही."

"यादीत घालून घेऊ, सर. त्यात काय एवढं."

"बसलंय का?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

मी कढीपत्त्याशेजारी टाच दोनदा आपटली, मान तिरकी केली. मला त्यातलं काहीएक कळत नाही. "बसलंय, सर. नवी पालवीपण आलीय."

सर वळले. झाडाजवळ आले, एका पानाला नुसतं बोट लावलं.

"आता काळजी नाही," ते मला म्हणाले, की झाडाला, कोण जाणे. "एक पावसाळा काढला हिने माझ्याशिवाय."